सूज आधी, दाब मागाहून

१८ जून १९५९, मसुरे

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. रोज लिहायचं : कुठले सांधे सुजले, सकाळी हात किती वेळ आखडलेले राहिले, अंगात कणकण होती का. शाळेतल्या हजेरीसारखं. मी मास्तरीण, हजेरी घ्यायची सवयच आहे.

आजची हजेरी : दोन्ही मनगटं, उजव्या हाताची तीन बोटं. दोन तास मूठ मिटली नाही. फुंकणी दोन तळव्यांत धरून चूल पेटवली.

२१ जून

मनगटं तशीच. आता डावा गुडघाही.

वही डॉक्टर वाचणार नाहीत. 'हजेरी तेवढी वाचून दाखवा, बाकी तुमचं तुम्ही,' म्हणाले. मग बाकीही लिहीन. नाहीतरी बोलायला कोण आहे? हे बोटीवर गेले त्याला अकरा महिने झाले. लग्नाला चौदा वर्षं, पण एकत्र राहिलेले दिवस मोजले तर तीन वर्षं होतील का? मूलबाळ नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. शेजारची सगुणाकाकी विहिरीवर भेटते, तेवढंच माझं बोलणं.

२२ जून

काकीने आज माझ्या हातातून कळशी ओढून घेतली.

"हात बघ कसे झालेत तुझे. फणसाच्या गऱ्यांसारखे! घोवाक कळयलंस काय?"

"नाही."

"कित्याक नाय?"

काय सांगू? बोटीवर बसलेला माणूस काळजी करण्याखेरीज काय करणार? काकी पुटपुटत पाणी ओतून गेली.

४ जुलै

दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांखालची सूज चाचपली, मग लाकडी पेटीतलं पाऱ्याचं यंत्र काढून दंडाला पट्टा बांधला. दोनदा रक्ताचा दाब मोजला. १३८ वर ८८. मग जुनं रजिस्टर काढलं. नोकरीत कायम झाले तेव्हा त्यांनीच मला दाखला दिला होता. त्या दिवशीचा आकडा ११६ वर ७४.

"तेव्हा सांधे दुखत होते?"

"नव्हते."

"हं," म्हणाले. त्यांचं 'हं' मला आवडत नाही. हेडमास्तरही रजेचा अर्ज हातात घेतला की असंच करतात.

१९ जुलै

दाबासाठी मीठ बंद. पेज बिनमिठाची. सुके बांगडे बंद, सुकट बंद, लोणचं बंद. पावसाळ्यात या गावात दुसरं असतं काय? काकीने भाजलेल्या बांगड्याचा वास भिंतीवरून येतो. खिडकी लावून जेवले.

९ ऑगस्ट

ह्यांचं पत्र आलं. पोर्ट सैदहून टाकलेलं. लिहितात, इथे पाऊस नाही, घरच्या पागोळ्यांची आठवण येते. तुझं अक्षर अलीकडे बदललंय, घाईत लिहितेस का?

पेन्सिलीला फडक्याची जाड गुंडाळी केली, तेव्हा कुठे धरता आली. लिहिलं, हो, हल्ली शाळेत कामं फार असतात. मी खुशाल आहे.

३० ऑगस्ट

सहा आठवडे मिठाचा कण नाही. दाब १४४ वर ९२. डॉक्टर चक्रावले. लघवी नळीत घालून दिव्यावर उकळून पाहिली, स्वच्छ. मूत्रपिंडं ठीक. मी लठ्ठ नाही. वय सदतीस. आईला, बाबांना हा रोग नव्हता.

"मग दाब कशाने चढतोय?" मी विचारलं.

ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "माहीत नाही, बाई." डॉक्टर माणूस इतकं सरळ 'माहीत नाही' म्हणतो, हे मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

१३ सप्टेंबर

सर्पगंधेच्या गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले. दाब थोडा खाली आहे. पण डोकं जड, आणि मन असं की… काल वर्गात कविता शिकवताना काही कारण नसताना रडू आलं. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

घरी आल्यावर दिवा लावायचाही कंटाळा आला. काकीने हाक मारली, मी ओ दिली नाही. ती गेली.

२० सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, गोळीनेच उदास वाटतं, तुम्ही वेड्या नाही आहात. गोळी निम्मी केली. पंधरा दिवस मी समजत होते, हे सगळं एकटेपणाचं आहे. गोळीचं किती आणि माझं किती, कोण सांगणार?

२६ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. डॉक्टरांनी एक काम दिलं. यंत्र घेतल्यापासून त्यांनी ज्यांचा ज्यांचा दाब मोजला, ती सगळी माणसं रजिस्टरात विखुरली आहेत. त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही. मी नीट उतरून काढायचं. एका वहीत वर्षानुवर्षं सूज असलेली माणसं : सांध्यांची, हत्तीपायाचा ताप महिन्या-दोन महिन्यांनी येणारी, न भरणारी जखम असलेली. दुसऱ्या वहीत त्याच वयाची, तशीच मासे-भात खाणारी, पण सूज नसलेली.

"का?" विचारलं.

"आधी उतरा. मी आधी सांगितलं तर तुमचा हात तिकडे ओढेल."

२८ ऑक्टोबर

दिवसाला दोन पानं. जास्त लिहिलं की अंगठा ठणकतो. पण सप्टेंबरनंतर पहिल्यांदा सकाळी उठावंसं वाटलं. डॉक्टर मधे येऊन बसतात, चहा स्वतः करतात. बायको जाऊन त्यांना सहा वर्षं झाली. साखर कुठे आहे ते त्यांना अजून सापडत नाही.

२ नोव्हेंबर

झालं. ज्यांचा दाब चढत गेला, त्यांच्यापुढे लाल पेन्सिलीने खूण केली. पहिल्या वहीत पान उलटावं तिथे लाल. दुसरीत शोधावं लागतं. तारखा लावून पाहिल्या तर सूज आधीची, दाब मागाहूनचा. देवळाकडचे गुरव, पाय सुजून आठ वर्षं झाली. पहिल्या वर्षी दाब ठीक, तिसऱ्या वर्षी थोडा वर, आता औषधाला बधत नाही. बंदरावरची एक जखमेवाली बाई, तिचंही तसंच.

पहिल्या वहीत शेवटून तिसरं नाव माझं. माझ्या अक्षरात माझं नाव. लाल खूणही मीच केली.

डॉक्टर बराच वेळ वह्या चाळत होते. मग म्हणाले, "बाई, तुमच्या मनगटाची सूज मला दिसते, कारण ती बाहेर आहे. रक्ताच्या नळ्यांच्या भिंतीला आतून तशीच थोडी थोडी सूज येत असेल तर? ती कोण बघणार? नळी ताठ झाली की दाब वाढणारच. सूज म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. शरीर आत कुठेतरी सारखं धगधगतंय."

"हे पुस्तकात आहे?"

"माझ्याकडच्या पुस्तकांत नाही."

७ नोव्हेंबर

डॉक्टरांनी त्यांच्या एका जुन्या वर्गमित्राला लिहायचं ठरवलं. तो आता मुंबईत मोठ्या इस्पितळात आहे. मजकूर त्यांचा, तक्ते माझ्या हातचे. तीन पानांचा तक्ता चार दिवस पुरला. बोटांची लाकडं झाली. पण एकही खाडाखोड नाही. तसे तक्ते हेडमास्तरांनासुद्धा कधी करून दिले नव्हते.

१७ जानेवारी १९६०

मुंबईचं उत्तर आलं. डॉक्टरांनी वाचून दाखवलं नाही, पत्रच पुढे केलं. मित्राने प्रेमाने लिहिलंय. खेड्यात बसून इतकी नोंद ठेवतोस, कौतुक वाटतं. पण मूठभर माणसांवरून काही ठरत नाही. वय, मीठ, काळजी, एवढ्याने तुझे आकडे समजून घेता येतील. तक्ते मात्र सुबक आहेत, कोणी केले?

मला संताप आला. "मीठ आपण बंद करून पाहिलं ना? ते नाही का लिहिलंत?"

"लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर." मग हसले. "त्याचं एक बरोबर आहे, बाई. माणसं मूठभरच आहेत. मी चुकतही असेन."

संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून गेले. सायकल हातात धरून चालत होते, बसले नाहीत.

६ मार्च

दिपोटी साहेब महिनाअखेर शाळा तपासायला येणार. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. "बाई, गेले वर्षभर तुम्ही फळ्यावर लिहीत नाही. साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू? बिनपगारी रजा घ्या, बऱ्या होऊन या."

यातून बरं होऊन कोण आलंय?

८ मार्च

डॉक्टरांना सांगितलं. एक नवी गोळी आहे, म्हणाले, सूज उतरवते. पण ती अंगात पाणी धरून ठेवते, दाब वाढवू शकते. थोडे दिवस, थोडी मात्रा. दर आठवड्याला मोजायला यायचं. "कबूल?"

कबूल.

११ मार्च

सकाळी मूठ मिटली.

परत उघडली. परत मिटली. कितीतरी वेळ तेच करत बसले.

२९ मार्च

तपासणी झाली. फळाभर लिहिलं, जोडाक्षरांसकट. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं. घरी येऊन विहिरीवरून स्वतः दोन कळश्या आणल्या. काकी बघतच राहिली. "देवीन हात फिरयल्यान गो बाय तुझ्यार!"

२ एप्रिल

दाब १६२ वर १००. डॉक्टर गोळी कमी करू म्हणाले. तपासणी झाली ना, म्हणाले. हो म्हटलं.

१५ मे

मात्रा निम्मी. मनगटं परत भरू लागली. रोज थोडी थोडी.

१२ जून

ह्यांचं पत्र. नोव्हेंबरात सुट्टी मिळतेय, दोन महिन्यांची! 'तुझ्या हातचं सांदण खायचंय.' पत्र तीनदा वाचलं. मग हात पाहिले.

२६ जून

मोटारीने मालवणला जाऊन आले. औषधांच्या दुकानात सुजेच्या गोळीची जुनी चिठ्ठी दाखवली, तारीख कोणी पाहिली नाही. आता डॉक्टर देतात तितक्या, आणि घरी तितक्याच आणखी. नोव्हेंबरपर्यंतच. ह्यांनी मला अशी बघायला नको. एवढंच. दोन महिने नीट हातांनी वाढेन, मग पुढचं पुढे.

१० जुलै

हात छान. चेहरा जरा फुगलाय. काकी म्हणते, बाळसं धरलंस.

२४ जुलै

डॉक्टरांनी दाब मोजला, १७२ वर १०६. पुन्हा मोजला. "इतक्याशा गोळीने एवढा चढू नये," म्हणाले. पहिली वही काढली, माझ्या नावापुढे काहीतरी लिहू लागले, थांबले. "बाई, तुमची सूज तर उतरलीय. मग हा आकडा सुजेचा म्हणू की गोळीचा? माझं सगळं गणितच फिसकटलं."

मी बाही खाली ओढून घेतली. त्यांनी आठ वर्षं मांडलेल्या नोंदीत मी खोटा आकडा भरतेय. त्यांना माहीत नाही.

उद्या सांगीन.

३१ जुलै

सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर

रोज सकाळी मानेमागे ठणकतं. दवाखान्यात दोन आठवडे गेले नाही. ताप होता असं कळवलं.

७ ऑक्टोबर

चौथीच्या वर्गात नाकातून रक्त आलं. थांबेना. फळ्यावरचं अक्षर दोन-दोन दिसायला लागलं. हेडमास्तरांनी खुर्चीत बसवून डोक्यावर ओलं फडकं धरलं आणि डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. ते आले. २०४ वर १२०. मी सगळं सांगून टाकलं. मालवण, जुनी चिठ्ठी, किती गोळ्या, कधीपासून.

ओरडले असते तर बरं झालं असतं. पट्टा गुंडाळत एवढंच म्हणाले, "माझ्यावर विश्वास नव्हता?"

"तसं नाही. हे येणार होते."

त्यांनी मान हलवली. बायको आजारी होती तेव्हा तिनेही पहिलं वर्ष लपवलं होतं, म्हणाले.

गोळी एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल. दर पंधरवड्याला पाव-पाव कमी, शेवटचा पाव त्याहून सावकाश. शाळेतून महिन्याची रजा.

२९ ऑक्टोबर

पडून असते. काकी पेज आणून ठेवते. माझ्यापाशी बसते, सुपारी कातरते, गावातल्या गोष्टी सांगते. तिचा नवरा गेला तेव्हा मी तिच्याकडे किती वेळा जाऊन बसले? आठवून पाहिलं. एकदा. शाळेची घंटा व्हायची होती म्हणून उठलेही होते लवकर.

१९ नोव्हेंबर

हे आले. आगबोटीने मालवणला, तिथून मोटारीने. गोळी पावपर्यंत आलीय, हात परत सुजलेत. पदरात लपवून उभी राहिले. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, माझा हात पदरातून बाहेर काढला.

"ह्या काय झाला गो?"

सांगितलं. दोन वर्षं झाली म्हटलं.

"दोन वर्सां! आणि माका एक ओळ लिवक काय झाला होता तुझ्या हाताक?"

बोलून गेले आणि माझ्या बोटांकडे बघत राहिले. चूल त्यांनीच पेटवली.

२ डिसेंबर

हे भांडी घासतात, पाणी भरतात. काकीला हसू आवरत नाही. बोटीवर शिकलेलं कसलंसं कालवण केलं, खाववेना, खाल्लं. दुपारी अंगणात बसून बोलतो. पंधरा वर्षांत इतकं बोललो नव्हतो. पण मधेच बोलणं तुटतं आणि ते खाडीच्या दिशेने बघत बसतात. जमिनीवर त्यांना झोप लागत नाही. वाऱ्याची दिशा बदलली की उठून बसतात.

१५ डिसेंबर

हे माझ्याबरोबर दवाखान्यात आले. १५६ वर ९८. खाली येतोय. डॉक्टरांनी ह्यांना दोन्ही वह्या दाखवल्या, ती नळ्यांच्या भिंतीची गोष्ट सांगितली. हे लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे बॉयलराच्या पायपासारख्या," म्हणाले. "आतना पापुद्रे धरले काय वाफेचो दाब चढता. भायर काय्येक दिसना नाय."

डॉक्टर इतके खूष झाले की त्यांनी चहा केला. मग हसत म्हणाले, "सूज परत आलीय, गोळी सुटतेय, आणि नवरा घरी आहे. आकडा उतरला तो कशामुळे, कसं लिहू?"

मी खाली बघितलं. हेही.

१४ जानेवारी १९६१

हे उद्या जाणार. तळेऱ्यापर्यंत मोटारीने, तिथून मुंबईची गाडी. ट्रंक भरताना म्हणाले, "तू एक ओळ लिव. मी बोट सोडून येतंय. बंदरार काय मिळात ता काम करीन. नायतर मुंबैत खोली बघूया, थंय मोठे डॉक्टर आसत."

"बघू," म्हटलं.

"बघू नको. लिव."

१५ जानेवारी

गेले. घरात त्यांच्या विडीचा वास आहे. दार लावून घेतलं नाही.

५ फेब्रुवारी

गोळी पूर्ण बंद होऊन दोन आठवडे. दोन्ही मनगटं, उजव्या हाताची चार बोटं, डावा गुडघा. अडीच तास. शाळेत जाते. हेडमास्तरांनी पहिली-दुसरी दिली, तोंडीच शिकवायचं.

आंगणेवाडीची जत्रा झाली. काकी चल म्हणाली, गेले नाही. तिने ओटीतला नारळ आणून दिला.

५ मार्च

दाब १५० वर ९६. गोळी नसतानाही. डॉक्टरांनी तीनदा मोजला.

"म्हणजे सूजच," मी म्हटलं. "तुमचंच बरोबर."

मला वाटलं, त्यांना आनंद होईल. ते यंत्र पेटीत ठेवत होते. "किंवा गोळीने जे बिघडवलं ते अजून सुधारायचंय. किंवा दोन्ही. आणखी सहा महिने बघू, बाई."

"आणि सहा महिन्यांनी कळलं नाही तर?"

"तर मोजत राहू. दुसरं काय आहे आपल्या हातात?" मग माझ्या हाताकडे बघून ओशाळले.

गुरव गेल्या आठवड्यात अर्धांगाने पडले. डॉक्टर रोज तिकडे जाऊन येतात. गुरवांचा पाय गेली नऊ वर्षं सुजलेला आहे, हे मुंबईला कोणाला कळवणार?

१२ मार्च

एडनहून ह्यांचं पत्र. पुढचं बंदर कुठलं, पत्र कुठे टाकायचं, सगळं नीट लिहिलंय. खाली एकच वाक्य : 'तू काय ठरवलंस?'

दुपारी लिहायला बसले. मुंबईला खोली म्हणजे शाळा सोडायची, दवाखाना सोडायचा, काकीला सोडायचं. हे किनाऱ्यावर आले तर दिवसभर खाडीकडे बघत बसणार, माझ्यामुळे. आणि नाही आले तर सकाळचे ते अडीच तास मी एकटी.

या वेळी खरं लिहिलं. पहिल्या ओळीत : मनगटं, बोटं, गुडघा. दुसऱ्या ओळीत : दाब १५० वर ९६, कशामुळे ते डॉक्टरांना अजून माहीत नाही. एवढं लिहीपर्यंत दिवेलागण झाली, बोटं उघडेनात. तिसरी ओळ राहिलीय. 'या' लिहावं, की 'येऊ नका', हे अजून ठरलेलं नाही.